बंदुकीच्या दस्त्याचें उतरलेलें रोगण

शेतकऱ्याच्या घरांत लांकडी वस्तूंना तोटा नाहीं. नांगर, वखर, तिफण, गाडीचें जूं, कुऱ्हाडीचा दांडा, धान्याची कोठी या सर्वांची निगा तो आपल्या हातानें राखतो. दांडा सैल झाला तर पाचर ठोकतो, जूं चिरलें तर त्याला लोखंडी पट्टी मारतो, आणि त्याकरितां कोणास विचारावयास जात नाहीं. परंतु याच घरांत कुलुपाच्या आड एक लांकडी वस्तु अशी असते कीं, तिच्याकडे वर्षानुवर्षें कोणी लक्ष देत नाहीं. ती वस्तु म्हणजे पीकरक्षणाच्या बंदुकीचा दस्ता. कोणी त्यास कुंदाहि म्हणतात. नळीला तेल लागतें, चाप साफ होतो, परवान्याचें नूतनीकरण मुदतींत होतें; पण लांकडावरचें रोगण पोपडे धरून उतरूं लागलें तर ती शोभेची बाब म्हणून सोडून दिली जाते, किंवा घराच्या दारास लावून डब्यांत उरलेल्या व्हार्निशाचा एक हात त्यावर मारला जातो. या दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत, आणि दुसरी पहिलीहून अधिक चुकीची आहे, असें माझें मत आहे. तें कां, आणि त्याऐवजीं काय करावें, हें वाचक बंधूंपुढें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम कोणी असा आक्षेप घेईल कीं, शेतकीच्या मासिकांत बंदुकीचा विषय कशाला? त्यास उत्तर इतकेंच कीं, एटापल्लीसारख्या रानाच्या मुलुखांत धानाचें पीक रानडुकरांपासून राखणें ही शेतकीच आहे. ओंबी दुधावर आली कीं कळपच्या कळप बांधींत उतरतो. जितकें खातो त्याहून अधिक लोळवितो. माच्यावर बसून रात्र जागविणारा, टेंभा आणि डबा वाजविणारा शेतकरी हें जाणून आहे. कायद्यानेंहि ही अडचण ओळखलेली आहे. हत्यारांसंबंधींचा १८७८ सालचा जुना कायदा जाऊन १९५९ सालचा कायदा आला व तो १९६२ च्या आक्टोबरपासून अमलांत आला. त्याच्या तेराव्या कलमांत खऱ्याखुऱ्या पीकरक्षणाकरितां ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. आणि ठासणीची बंदूक पुरी पडणार नाहीं अशी अधिकाऱ्याची खात्री झाली तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देतां येते. आमच्याकडे ठासणीच्या बंदुकीला भरमार म्हणतात. महसूल खात्याच्या नोकरींत असतां अशा अर्जांबरोबर येणारे सातबाराचे उतारे व पीकपाहणीचे कागद माझ्या हाताखालून पुष्कळ गेले आहेत. बंदूक मिळविण्यास किती खेटे घालावे लागतात हें ज्यानें पाहिलें आहे, त्यास ती बंदूक निव्वळ निष्काळजीपणानें खराब झालेली पाहून वाईट वाटल्यावांचून राहत नाहीं.

एक गोष्ट येथेंच स्पष्ट केलेली बरी. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें रानडुक्कर मारावयाचें तर अकराव्या कलमाखालीं अधिकाऱ्याची वेगळी लेखी परवानगी लागते. या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती होऊन ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. परिशिष्टें बदललीं, पण परवानगीची अट सुटली नाहीं. तेव्हां बंदूक वर्षांतून क्वचित् हातीं येते, बहुधा धाक घालण्यापुरती. आणि नेमकी म्हणूनच ती बिघडते. कारण जी वस्तु रोज वापरांत असते तिचा दोष रोज दिसतो, आणि जी कुलुपांत असते तिचा दोष भेग पडल्यावर दिसतो.

आतां लांकडाचा स्वभाव पाहूं. लांकूड तोडून शेंकडों वर्षें झालीं तरी तें हवेंतील दमट घेतच असतें आणि सोडतच असतें. पावसाळ्यांत तें फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें. हें फुगणें व आकसणें रेषेच्या लांबींत जवळजवळ नसतें. आडव्या अंगानें मात्र स्पष्ट असतें. आमच्याकडे मृगापासून हस्तापर्यंत भिंतीलाहि ओल असते, आणि वैशाखांत तेंच घर भट्टीसारखें तापतें. दस्त्याला वर्षांतून एकदां हा पुरा फेरा सोसावा लागतो. रोगणाचें काम दमट पूर्ण अडविणें हें नव्हे, तें कोणत्याहि रोगणाला साधत नाहीं. दमट हळूहळू आंत जावें व हळूहळू बाहेर यावें, म्हणजे लांकडाच्या एका भागावर एकदम ताण पडूं नये, हें त्याचें काम.

रोगण जागोजाग उतरलें कीं हा समतोल बिघडतो. उघड्या जागीं पाणी झरझर शिरतें, झांकलेल्या जागीं तें अडून बसतें. एकाच लांकडाचा एक भाग फुगलेला व शेजारचा कोरडा, अशी स्थिति झाली कीं भेग ठरलेलीच. त्यांतहि दोन जागा विशेष नाजूक. एक, जेथें दस्त्याचें पुढचें तोंड चापाच्या लोखंडाला भिडतें ती. दुसरी, खांद्याला टेकणाऱ्या टोंकाची. या दोन्ही ठिकाणीं लांकडाच्या शिरा उघड्या तोंडानें कापलेल्या असतात, आणि पाणी शिरांच्या तोंडानें जितकें लवकर शिरतें तितकें बाजूनें शिरत नाहीं. पुढचें तोंड ओलीनें फुगून मग आकसलें म्हणजे लोखंड व लांकूड यांत फट पडते. बार उडतांना जो धक्का साऱ्या तोंडावर सारखा पडावयाचा, तो मग एकदोन बिंदूंवरच पडतो, आणि दस्ता मनगटाच्या जागीं उभा चिरतो. ही चीर गालापासून चार बोटांवर असते. म्हणून उतरलेल्या रोगणाला मी शोभेची बाब म्हणत नाहीं. रायफलीची गोष्ट याहून नाजूक. तिचा दस्ता वांकडा होऊन नळीला एका बाजूनें दाबूं लागला तर गोळी निशाणाच्या जागीं लागत नाहीं, आणि धनी मात्र डोळ्याला दोष देत बसतो.

रोगण कोणत्या तऱ्हेनें उतरतें यावरून तें कशाचें होतें हें ओळखतां येतें, आणि ओळखल्यावांचून उपाय करूं नये. पापुद्रे सुटत असतील, नखानें ओढतां कांचेसारखे तुकडे निघत असतील, तर तें बाजारी व्हार्निश किंवा हल्लींचें पॉलियुरेथेन. हें लांकडावर कातड्यासारखें बसतें; कातड्याला एक भोंक पडलें कीं पाणी आंत शिरतें व बाहेर पडण्यास त्याला वाट राहत नाहीं. ओल्या पेल्याखालीं पाटावर उठतो तसा पांढुरका डाग दिसत असेल, तर तें चपडा लाखेचें पॉलिश. तिसरा प्रकार चिकटपणाचा. हात लावला तर बोट धरतें, धूळ बसते, वास येतो. हें बहुतेक घरच्या तेलाचें काम असतें. चौथा प्रकार म्हणजे चापाच्या मागें लांकूड काळें, मऊ व स्पंजासारखें होणें. येथें रोगणाचा दोष नसून बंदुकीच्या खनिज तेलाचा दोष आहे. नळी वर करून बंदूक उभी ठेवली म्हणजे नळींतलें तेल वर्षानुवर्षें खालीं उतरून दस्त्याच्या तोंडांत मुरतें. तेल जपून वापरावें, आणि साफ केल्यावर बंदूक कांहीं दिवस नळीचें तोंड खालीं करून ठेवावी, हा त्यावर सोपा उपाय आहे.

चिकटपणाविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण आमच्या बाजूस ही चूक घरोघर आढळते. पुष्कळांची समजूत अशी कीं, तेल तें तेल. मग कोणी खोबरेल लावतो, कोणी भुईमुगाचें, कोणी मोहाच्या टोळीचें, कोणी करंजीचें. तेलांत दोन जाती आहेत. एक जात हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होते व शेवटीं तिचा पातळ, लवचीक पापुद्रा बनतो. दुसरी जात कितीहि दिवस ठेवली तरी तेलच राहते, फार तर खंवट होते. खोबरेल, मोहाचें, करंजीचें हीं दुसऱ्या जातीचीं तेलें. कुऱ्हाडीच्या दांड्याला तीं चालतील, कारण दांडा रोज हातांत घासला जातो. महिनोन् महिने पडून राहणाऱ्या दस्त्यावर तीं धूळ व बुरशी यांचें घर होतात. पहिल्या जातीचें आपल्या घरचें तेल एकच, आणि तें म्हणजे जवसाचें.

जवस विदर्भाला नवीन नाहीं. धान उभें असतांनाच बांधींतील ओलीवर लाखोळीबरोबर जवस फेंकण्याची उतेऱ्याची चाल आमच्या पूर्व भागांत जुनी आहे. नागपूरच्या कृषि महाविद्यालयांत या पिकावर काम होऊन एन. एल. ९७ सारखे वाण शेतकऱ्यांस मिळालेले आहेत. बियांत शेंकडा ३५ ते ४५ इतकें तेल असतें, आणि त्या तेलाचा निम्म्याच्या आसपास भाग ज्या एका अम्लाचा बनलेला असतो, तेंच अम्ल प्राणवायु झपाट्यानें घेतें. जवसाचें तेल वाळतें म्हणजे उडून जात नाहीं. तें हवा खाऊन घट्ट होतें. विलायती बंदुका करणारे कारागीर हेंच तेल रतनजोतीच्या मुळ्यांनीं तांबूस रंगवून अक्रोडाच्या दस्त्यांत चोळीत असत. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यांत घडलेल्या व पुढें अनेक वर्षें पोलिसांच्या खांद्यावर दिसलेल्या थ्री-नॉट-थ्री रायफलींचे दस्तेहि कच्च्या जवस तेलावरच पोसले जात. ज्या तेलावर लष्कराचीं लांकडें पावसांत व चिखलांत टिकलीं, त्याचें बीं आपल्या बांधींत पिकत असतां आपण दुकानांतून चकचकीत डबा आणावा, हें मला पटत नाहीं.

लाख तर आमच्या रानाचीच. पळसावर व कुसुमावर लाखेचा किडा पोसला जातो. लाखेच्या अभ्यासाकरितां रांचीजवळ नामकुम येथें १९२४ सालीं संस्था निघाली व ती आज वेगळ्या नांवानें चालू आहे. लाखेचें पॉलिश देव्हाऱ्याला व पेटीला शोभतें, दिसण्यांत त्याला तोड नाहीं; परंतु पाणी व उष्णता या दोहोंपुढें तें हार खातें. म्हणून बाहेर फिरणाऱ्या वस्तूस तें वरचा थर म्हणून लावूं नये, असें माझें सांगणें आहे. आपल्या रानाच्या मालाचा अभिमान असावा. पण ज्या कामाला जो माल योग्य, त्या कामालाच तो वापरावा.

आतां प्रत्यक्ष कृति. काळ फाल्गुनापासून वैशाखापर्यंतचा निवडावा. मोह वेंचून झालेला असतो, तेंदूपानाचा हंगाम लागावयाचा असतो, हवा कोरडी असते. पावसाळ्यांत हें काम हातीं घेऊंच नये. तेल वाळत नाहीं आणि ओल आंत कोंडली जाते.

सर्वांत आधीं बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी. काडतुसाची असेल तर उघडून दोन्ही नळ्या डोळ्यांनीं पाहाव्या. ठासणीची असेल तर गज आंत सोडून तो तळापर्यंत जातो कीं नाहीं हें बाहेरच्या मापानें ताडून पाहावें. दारू, छरे व काडतुसें त्या खोलींत नसावीं, आणि मुलांनाहि तेथें थांबूं देऊं नये. नळी ज्या रीतीनें नेहमीं साफसफाईस सुटते तितकीच सोडवावी. चापाचे आंतले स्क्रू घरीं उघडूं नयेत. खाच बिघडलेला स्क्रू बंदुकीची किंमत उतरवितो. लोखंड दस्त्यावरच राहत असेल तर त्यावर कागदी पट्टी चिकटवून घ्यावी.

जुनें रोगण काढावयाचें तर कॉस्टिक सोडा अगदीं वर्ज्य समजावा. दारें-खिडक्या सोलण्यास लोक तो वापरतात; पण अक्रोड व साग यांसारख्या लांकडाला तो काळें करतो व शिरा सैल करतो. लाखेचें पॉलिश असेल तर स्पिरिटांत भिजविलेल्या चिंधीनें तें विरघळून निघतें. व्हार्निश असेल तर कांचेच्या ताज्या फुटलेल्या तुकड्याच्या धारेनें, हातास जाड फडकें गुंडाळून, रेषेच्या दिशेनें हलकें खरवडावें. आपले जुने सुतार रंधा मारल्यावर असेंच करीत. नंतर बारीक कांचकागद, ज्याला सुतार पॉलिशपेपर म्हणतात, तो लांकडाच्या चपट्या ठोकळ्याभोंवतीं धरून फिरवावा. नुसत्या बोटांनीं घांसल्यास लांकडांत खळगे पडतात. लोखंडाच्या कडेशीं मुळींच घांसूं नये. तेथें लांकूड लोखंडाहून केसभर उंच ठेवलेलें असतें. तें घांसून खालीं गेलें कीं लोखंडाची कड कायमची उघडी पडते. मनगटाजवळ पकडीसाठीं कोरलेली जाळी असेल तर तिच्यावर कागद न लावतां स्पिरिट व दातांचा जुना ब्रश यांनींच ती साफ करावी.

चापामागें मुरलेलें काळें तेल काढावयास खडूची बारीक पूड टर्पेंटाइनमध्यें कालवून तिचा जाड लेप द्यावा व कोंवळ्या उन्हांत ठेवावें. लेप सुकतांना तेल ओढून घेतो. हें तीनचार वेळां करावें लागतें; लेप पांढरा निघूं लागला म्हणजे पुरे. लांकूड एवढ्यानेंहि मऊच लागत असेल तर घरचा उपाय संपला असें समजावें. ठेंचून पडलेले खळगे मात्र सहज भरून येतात. त्यावर ओलें फडकें ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवावी. वाफ शिरली कीं दबलेल्या शिरा वर उठतात. शिरा तुटल्या असतील तर त्या उठणार नाहींत, आणि त्या खोल घांसून काढण्याच्या नादास लागूं नये. जुन्या बंदुकीवर दोन व्रण असले तर तिची अब्रू जात नाहीं.

यानंतर ओल्या फडक्यानें सारा दस्ता एकदां पुसून वाळूं द्यावा. लांकडाचे केस उभे राहतील. ते अतिशय बारीक कागदानें कापून काढावे. असें दोनदां केलें म्हणजे पुढें पावसांत लांकूड खरबरीत होत नाहीं. दस्ता सागवानाचा असेल तर तेल लावण्यापूर्वीं स्पिरिटानें पुसणें अवश्य आहे. सागांत स्वतःचें तेलकट द्रव्य असतें व तें वरच्या तेलाला वाळूं देत नाहीं. आलापल्लीचा साग जगांत नांवाजलेला असला तरी रोगणाच्या बाबतींत तो अक्रोडापेक्षां हट्टी आहे, हें ध्यानांत असावें.

तेल बाजारांतून उकळलेलें म्हणून मिळतें तें घ्यावें. त्यांत लवकर वाळण्याकरितां धातूंचीं द्रव्यें घातलेलीं असतात, म्हणून तें पोटांत जाऊं देऊं नये. पूर्वीं तेलांत मुरदाडशिंग घालून तें घरीं कढवीत. मुरदाडशिंग शिशाचें व म्हणून विषारी, आणि कढत्या तेलाला आग लागण्याचें भय वेगळेंच. ती चाल आतां सोडलेलीच बरी. घाण्याचें कच्चें तेलहि चालतें, फक्त एकेका हाताला एक दिवसाऐवजीं अनेक दिवस द्यावे लागतात. पहिला हात तेल व टर्पेंटाइन समभाग करून द्यावा, म्हणजे तें खोल जातें. पुढचे हात नुसत्या तेलाचे, पण इतके पातळ कीं तळहातावर चार थेंब घेऊन साऱ्या दस्त्यावर चोळावे. पंधरावीस मिनिटांनीं, वर जें राहिलें असेल तें कोरड्या फडक्यानें पूर्ण पुसून घ्यावें. सारा हातखंडा या पुसण्यांत आहे. जाड थर दिला तर वरचा पापुद्रा वाळतो, आंतलें तेल ओलें राहतें, आणि चिकटपणाची तीच व्याधि पुन्हां येते. असे पांच-सहा हात द्यावे, आणि मागचा हात बोटाला कोरडा लागल्यावांचून पुढचा देऊं नये. दस्ता वाऱ्याच्या सावलींत टांगावा. रणरणत्या उन्हांत ठेवूं नये.

दस्त्याच्या टोंकाची पट्टी काढून तिच्याखालचें लांकूड, आणि चापाला भिडणारें तोंड, या दोन जागा तेलानें तृप्त होईपर्यंत पाजाव्या. बाहेरून आरशासारखे चमकणारे पण या दोन जागीं कोरे राहिलेले दस्ते मीं पाहिले आहेत. ते पहिल्याच पावसाळ्यांत फुगतात. शेवटीं पंधरा दिवसांनीं आपल्या रानांतल्या मोहोळाचें मेण टर्पेंटाइनमध्यें विरघळवून त्याचा एक हात द्यावा. मेण वितळवावयाचें तें गरम पाण्याच्या भांड्यांत दुसरें भांडें ठेवून व विस्तव दूर करून.

एक इशारा कामाहूनहि महत्त्वाचा आहे. जवस तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यांत टाकूं नये. तेल हवा घेतांना उष्णता सोडतें. बोळ्यांत ती कोंडते, वाढते, आणि कोणी काडी न लावतां चिंध्या पेट घेतात. तणशीचे ढीग व गवती छपरें असलेल्या आमच्या गांवांत याचा परिणाम काय होईल तें सांगावयास नको. चिंध्या पाण्यांत बुडवून ठेवाव्या, किंवा अंगणांत एकेक पसरून पूर्ण वाळूं द्याव्या आणि मगच टाकाव्या.

या मतावर तीन आक्षेप येतात. पहिला असा कीं, व्हार्निशाची चमक तेलाला येत नाहीं. खरें आहे. पण व्हार्निश फाटल्यावर तें सारें काढून नव्यानें आरंभ करावा लागतो. तेलाच्या दस्त्याला ओरखडा पडला तर त्या जागेवर दोन थेंब चोळले कीं झालें. दुसरा आक्षेप, कृत्रिम दस्ते निघाले आहेत, मग लांकडाची एवढी उठाठेव कशाला? नवी बंदूक घेणाऱ्यास हें ठीक. परंतु आजोबांच्या परवान्यावरून वारसानें नांवावर आलेल्या जुन्या बंदुकीला मापाचा दस्ता बाजारांत तयार मिळत नाहीं, तो घडवूनच घ्यावा लागतो. तिसरा आक्षेप वजनदार आहे: बंदूक क्वचितच हातीं येते, मग इतके श्रम कां? त्यास माझें उत्तर असें कीं, जी वस्तु सरकारनें विश्वासानें आपल्या हवालीं केली आहे ती सुस्थितींत ठेवणें हा त्या विश्वासाचाच भाग आहे. चिरलेली बंदूक घरांत ठेवणें म्हणजे केव्हांतरी घाईच्या रात्रीं ती कोणाच्या तरी हातीं पडूं देणें होय.

आतां कायद्याची मर्यादा. लांकूड पुसणें, घांसणें व तेल देणें ही देखभाल आहे व ती परवानाधारकानें स्वतः करावी असें मी समजतों. परंतु भेग जोडणें, नवा दस्ता बसविणें, चापाला हात घालणें ही दुरुस्ती झाली. आणि पांचव्या कलमाप्रमाणें बंदुकीची दुरुस्ती करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. गांवचा सुतार कितीहि कुशल असला तरी बंदूक त्याच्या घरीं ठेवून येणें म्हणजे आपण व तो दोघेहि गुन्ह्यांत सांपडणें होय. आठव्या कलमानें बंदुकीवरील नांव, क्रमांक वा दुसरी ओळखखूण पुसणें मना केलें आहे. क्रमांक लांकडावर ठोकलेला असेल तर त्या जागेस कांचकागद लावूंच नये. आमच्या जिल्ह्यांत गेल्या कांहीं दशकांत बंदूक या शब्दाभोंवतीं काय काय घडलें हें वाचकांस ठाऊक आहे. येथें परवान्याची बंदूक व बिनपरवान्याची बंदूक यांतला भेद कागदावर आणि त्या खुणेवरच उभा आहे. ती खूण चमकेच्या हौसेनें घांसून टाकणाऱ्यास पुढें कितीहि खुलासे केले तरी पुरत नाहींत.

आणि येथेंच माझी आपल्या सभेस विनंति आहे. परवानाधारक दुरुस्तीदार तालुक्याच्या गांवीं मिळत नाहीं; शेतकऱ्यास बंदूक घेऊन दूरच्या शहरीं जावें लागतें, म्हणून तो एक तर चीर तशीच ठेवतो किंवा चोरून कोणाकडून तरी खिळे मारून घेतो. सभेनें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून, उन्हाळ्यांत एक ठरलेला दिवस, पोलीस ठाण्याच्या देखरेखीखालीं, अशा एखाद्या दुरुस्तीदारास तालुक्यास आणविण्याची परवानगी मागावी. खर्च बंदूकधारकांनीं वांटून घ्यावा. त्याच दिवशीं लांकडाची निगा कशी राखावी हें दाखवितां येईल. दुसरी विनंति अशी कीं, निवडणुकीच्या काळांत परवान्याच्या बंदुका ठाण्यांत जमा करण्याचे हुकूम निघतात. तेव्हां त्या जमिनीवर वा ओल्या भिंतीला टेकवून न ठेवतां लांकडी घोड्यावर ठेवाव्या, एवढी मागणी सभेनें नम्रपणें करावी. धारकांनींहि बंदूक प्लॅस्टिकांत गुंडाळून देऊं नये; प्लॅस्टिकाच्या आंत घाम धरतो. सुती कापडाची पिशवी उत्तम.

शेवटीं एक गोष्ट. हें सारें ज्ञान बंदुकीपुरतें नाहीं. तिफणीचे चाडें, नांगराचा इसाड, गाडीचें जूं, खुरप्याची मूठ यांसहि हेंच जवसाचें तेल व हीच रीत लागू आहे, आणि तेथें कोणताहि परवाना आड येत नाहीं. ज्यांच्या घरीं बंदूक नाहीं त्यांनीं या उन्हाळ्यांत जुवावर प्रयोग करून पाहावा. ज्यांच्या घरीं आहे त्यांनीं हा अंक खालीं ठेवल्यावर कुलूप काढून दस्त्याच्या टोंकावर नख फिरवून पाहावें. रोगण नखाला लागलें तर फाल्गुनाची वाट पाहावी, आणि भेग लागली तर वाट न पाहतां ती बंदूक भरणें बंद करावें.

— एक निवृत्त महसूल कारकून, एटापल्ली